मधुमेहात तळपायांची आग, मुंग्या, बधिरपणा: तपासणीपासून औषधापर्यंत काय करावं

रात्री अंथरुणावर पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते. गोधडी पायावर नको वाटते, चादर नुसती घासली तरी चमक निघते. दिवसभर कामाच्या रगाड्यात मात्र याची आठवणही होत नाही. मधुमेह असलेल्या माणसाने हे घरात सांगितलं की उत्तर तयार असतं: उष्णता झाली असेल, सब्जा पी, तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरव. यात महिने जातात, कधी वर्षंही.

हा त्रास बहुतेकदा वाढलेल्या साखरेने पायांच्या मज्जातंतूंना झालेल्या इजेचा असतो. डॉक्टर त्याला डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात. पायावर फुगून दिसणाऱ्या निळ्या नसांशी त्याचा संबंध नाही. नुकतंच निदान झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी क्रमाने काय करायचं ते इथे लिहितो आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती आधी सांगतो. पाय दुखणं हा एक प्रश्न आहे आणि पायाची संवेदना जाणं हा दुसरा. दुखणाऱ्याला झोप लागत नाही म्हणून तो दवाखाना गाठतो. ज्याची संवेदना गेली त्याची काही तक्रारच नसते, आणि न भरणारी जखम, पू, बोट काढावं लागणं हे त्याच्या वाट्याला येतं. मधुमेही न्यूरोपॅथी असलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना कसलाच त्रास जाणवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पायात नांदू शकतात: रात्री आग होणाऱ्या त्याच तळव्यात दिवसा बारीक खिळा घुसलेला कळत नाही. दुखण्याची गोळी पहिल्या प्रश्नावर काम करते. दुसऱ्यावर तिचा काडीचाही उपयोग नाही.

पहिली पायरी: त्रास नेमका कसा आहे ते टिपून ठेवा

दवाखान्यात "पाय दुखतात" एवढंच सांगितलं तर डॉक्टर गुडघा, कंबर, टाच असा कुठूनही विचार सुरू करतील. म्हणून जाण्याआधी चार-पाच दिवस एका कागदावर लिहून ठेवा.

कुठे होतं? न्यूरोपॅथीची सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते, दोन्ही पायांत साधारण सारखी. मग तळवा, घोटा, पोटरी असं मोजा चढवल्यासारखं वर येतं. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंतचे तंतू शरीरात सर्वांत लांब, जवळजवळ मीटरभर असतात. जितका तंतू लांब तितकं त्याचं टोक आधी उपाशी पडतं, म्हणून पाय आधी आणि हात नंतर. एकाच पायाला होत असेल, कमरेतून मांडीमागे सणक येत असेल, तर शंका मणक्यावर घ्यायची. चालताना पोटरी भरून येते आणि दोन मिनिटं उभं राहिलं की थांबते, हे वर्णन रक्तपुरवठ्याच्या अडचणीचं आहे. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, त्याचं कारण टाचेखालचा ताणलेला पडदा असतो, मधुमेह असो वा नसो.

कसं होतं? आग, मुंग्या, टाचण्या टोचणं, विजेचा झटका, बर्फासारखं गार पडून दुखणं, खाज, साध्या स्पर्शाचं दुखणं: यातलं जे असेल ते तुमच्या शब्दांत लिहा. पुष्कळजण सांगतात, "गादीवरून चालल्यासारखं वाटतं." दुखणं नसलं तरी ही तक्रार महत्त्वाची आहे. आपल्याकडची आणखी एक खूण म्हणजे चप्पल. चालता चालता पायातून चप्पल निसटते आणि माणूस तसाच पुढे जातो; मागून कुणीतरी हाक मारतं, "ओ काका, चप्पल राहिली." हे हसण्यावारी नेऊ नका.

शेवटी दुखण्याला शून्य ते दहामध्ये आकडा द्या, रात्रीचा वेगळा आणि दिवसाचा वेगळा. पुढे औषध लागू पडतं की नाही हे ठरवायला हाच आकडा उपयोगी पडणार आहे.

दुसरी पायरी: घरच्या घरी बोटांच्या स्पर्शाची चाचणी

इंग्लंडमधल्या इप्सविच शहरातल्या रुग्णालयात तयार झालेली ही चाचणी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. पाहिजे फक्त दुसरा माणूस.

पलंगावर पाय लांब करून, मोजे काढून, डोळे मिटून पडा. घरातल्या कुणीतरी आपल्या तर्जनीच्या टोकाने तुमच्या पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टकटक करायची नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. एकूण सहा ठिकाणं: दोन्ही अंगठे, दोन्ही करंगळ्या, दोन्ही मधली बोटं. स्पर्श कळला की तुम्ही "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. कळला नाही तर पुन्हा स्पर्श करून दुसरी संधी द्यायची नाही. नातवंडं हे काम फार प्रामाणिकपणे करतात, बायको किंवा मुलगा मात्र "अहो, आता लावलं ना बोट!" म्हणून मदत करायला जातात आणि चाचणी फुकट घालवतात.

सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाल्याची शक्यता मोठी आहे. सगळे कळले तरी वर्षाची दवाखान्यातली तपासणी टाळायची नाही, कारण बारीक तंतूंची इजा या चाचणीत सापडेलच असं नाही.

तिसरी पायरी: दवाखान्यात मोजे काढून पाय दाखवा

टाइप २ मधुमेहात पायांची पूर्ण तपासणी निदान झालं त्याच दिवशी व्हायला हवी आणि पुढे दरवर्षी. साखर कित्येक वर्षं गुपचूप वाढलेली असते, त्यामुळे काहींना निदानाच्या वेळीच न्यूरोपॅथी असते. टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात करतात. गर्दीच्या दवाखान्यात रिपोर्ट बघून गोळ्या लिहिल्या जातात आणि पाय चपलेतच राहतात. आपण होऊन म्हणायचं, "डॉक्टर, पाय एकदा बघता का?" यात संकोच कसला?

चांगल्या तपासणीत काय काय होतं? आधी नुसतं बघणं: कातडी कोरडी आहे का, भेगा, घट्टे, कुरूप, बोटांमधल्या चिखल्या, वाकडी झालेली बोटं. मग पावलावरची आणि घोट्यामागची नाडी. मग मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा एक तंतू, जो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. तो आधी हातावर टेकवून दाखवतात, मग डोळे मिटायला सांगून तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात. घट्ट्यावर टेकवायचा नसतो.

त्यानंतर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की थरथरणारा धातूचा काटा, १२८ हर्ट्‌झचा. हातावर आपटून त्याची दांडी पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. "आजोबा, थरथर कळते का? थांबली की थांबली म्हणा." आजोबा म्हणतात, "थांबली." डॉक्टर तोच काटा स्वतःच्या अंगठ्यावर लावतात तर तो अजून चांगला थरथरतोय. या अर्ध्या मिनिटात जे कळतं ते महागड्या रिपोर्टमधूनही कधीकधी कळत नाही. टोचणं, गार-गरम आणि घोट्यामागच्या शिरेवर हातोडीचा ठोका यांचीही भर असते, पण उतारवयात घोट्याचा झटका एरवीही मंदावतो, त्यामुळे एकट्या त्यावर निदान करत नाहीत.

बायोथेसिओमीटर हे यंत्र हेच कंपन व्होल्टमध्ये मोजतं. साधारण १५ च्या आत ठीक आणि २५ च्या वर गेलं तर जखम होण्याचा धोका मोठा, असं मानतात. 'मोफत न्यूरोपॅथी तपासणी शिबिर' असा बोर्ड लागतो तिथे बहुधा हेच यंत्र असतं, आणि लाल-हिरव्या ठिपक्यांचा पायाचा नकाशा हातात मिळतो. शिबिराला जरूर जा. पण बऱ्याचदा शिबिराचा खर्च औषध कंपनी करते, त्यामुळे नकाशाबरोबर तिथेच तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येऊ नका. तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा.

एनसीएस, म्हणजे मज्जातंतूंतून विजेचा प्रवाह किती वेगाने जातो याची चाचणी, प्रत्येकाला लागत नाही. ती जाड तंतूंची असते. आग आणि टोचणं बारीक तंतूंतून येतं, म्हणून पाय पेटलेले असताना एनसीएस नॉर्मल येऊ शकतो. अशा वेळी "रिपोर्ट चांगला आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. त्रास एकाच बाजूला असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा स्नायूंची ताकद जात असेल, तेव्हा मात्र ही चाचणी हवीच.

चौथी पायरी: साखरेच्या नावावर दुसऱ्याचं खापर नको

मधुमेह आहे म्हणून पायाच्या मुंग्या मधुमेहाच्याच, असं गृहीत धरण्यात मोठी चूक होते. मधुमेही न्यूरोपॅथीचं निदान बाकीची कारणं बाजूला सारूनच करायचं असतं.

आपल्याकडे सगळ्यात आधी बी-१२ जीवनसत्त्व बघावं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ आतड्यातून कमी शोषलं जातं. त्यात माणूस शाकाहारी असेल आणि रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेत असेल तर तिन्ही कारणं एकत्र येतात. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, सगळं हुबेहूब न्यूरोपॅथीसारखं. फरक एवढाच की ही कमतरता वेळीच भरून काढली तर बराचसा त्रास उतरतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर. तपासणी गोळ्या-इंजेक्शनं सुरू करण्याआधी करायची; आठवडाभर गोळ्या खाऊन रक्त दिलं तर आकडा छान येतो आणि मूळ कारण झाकलं जातं. आणि याच्या भीतीने मेटफॉर्मिन मनाने बंद करायचं नाही.

त्याबरोबर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची), हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची) आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा. क्रिएटिनीन दोन कारणांसाठी लागतं: मूत्रपिंड बिघडलं तरी पाय जळतात, आणि पुढच्या औषधांचा डोस त्यावरच ठरतो. दारूचं प्रमाण डॉक्टरांना खरं सांगा, तीही मज्जातंतू जाळते. क्षयरोगाच्या उपचारातलं आयसोनियाझिड आणि कर्करोगाची काही औषधं यांनीही हाच त्रास होतो.

महाराष्ट्रात कुष्ठरोगाची शंका मनातून काढून टाकू नये. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्या चट्ट्यावर स्पर्श न कळणं, कोपराजवळ किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जाड लागणारा मज्जातंतू, असं काही असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. तिथे औषधं मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. लाजेपोटी उशीर केला तर मज्जातंतू कायमचा जातो.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत असंसर्गजन्य आजारांची ओपीडी असते, खासगीतला खर्च झेपत नसेल तर तिथून सुरुवात करावी.

पाचवी पायरी: साखर उतरवा, पण दाणकन नको

मज्जातंतूंची आणखी हानी थांबवायची असेल तर साखरेला पर्याय नाही. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले, टाइप १ च्या रुग्णांत साखर काटेकोर ठेवल्याने न्यूरोपॅथीचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालं. टाइप २ मध्ये फायदा इतका ठसठशीत नाही. तिथे वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी आणि तंबाखू यांचाही वाटा असतो. मिश्रीही तंबाखूच आहे, हे आजींना सांगावं लागतं.

बऱ्याच जणांसाठी एचबीए१सी ७ च्या आत हे ध्येय असतं. वय जास्त, हृदयविकार, साखर एकदम खाली जाण्याची भीती असेल तर डॉक्टर थोडं सैल ठेवतात.

इथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. साखर फार दिवस खूप जास्त होती आणि ती एकदम खाली आणली, तीन महिन्यांत एचबीए१सी दोन अंकांहून जास्त घसरलं, तर काही जणांत पायांची आग उलट भडकते. ११ वरून ७ वर आल्याच्या आनंदात असलेला माणूस रात्रभर तळमळतो आणि म्हणतो, "इन्सुलिननेच माझे पाय बिघडवले." मग तो इन्सुलिन सोडतो. सोडू नये. हा भडका बहुतेकदा काही महिन्यांत शमतो, तेवढा काळ दुखण्याचं औषध घेऊन काढायचा असतो. ज्यांची साखर फार जास्त आहे त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून टप्प्याटप्प्याने खाली येण्याचा बेत करावा, आणि त्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, कारण एकदम उतरणारी साखर त्यालाही सोसत नाही.

सहावी पायरी: दुखण्याचं औषध निवडताना

या दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या चालत नाहीत. त्या सूजेच्या दुखण्यावरच्या आहेत. मेडिकलमधून आणून रोज खाल्ल्या तर पाय तसेच राहतात आणि मूत्रपिंड मात्र जातं, जे मधुमेहात आधीच ताणाखाली असतं.

उपयोगी पडतात ती औषधं मेंदूकडे जाणारा चुकीचा गलका कमी करतात. म्हणूनच प्रिस्क्रिप्शन मोबाइलवर शोधलं की माणूस दचकतो: एक गोळी फिट्सची निघते, दुसरी नैराश्याची. "मला काय वेड लागलंय का?" असं म्हणून कित्येक पाकिटं न उघडता कपाटात पडून राहतात. ही औषधं मज्जातंतूंच्या दुखण्यावर वेगळ्या हिशेबाने आणि बऱ्याचदा कमी डोसमध्ये दिली जातात.

प्रेगाबालिन आणि त्याचा भाऊ गाबापेन्टिन. प्रेगाबालिन सहसा रात्री ७५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, उतारवयात त्याहूनही कमी, आणि हळूहळू वाढवतात. झोप लवकर सुधारते. गुंगी, चक्कर, पायांवर सूज आणि वजन वाढणं हे त्रास. मधुमेहाची पायोग्लिटाझोन ही गोळी चालू असेल तर सूज जास्त येऊ शकते. दोन्ही औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून क्रिएटिनीन वाढलेलं असेल तर डोस कमी करावाच लागतो. दारूबरोबर अजिबात नाही. गुंगी वाढते आणि श्वास मंदावू शकतो.

ड्युलोक्सेटिन. ३० मिलिग्रॅमपासून ६० पर्यंत. मळमळ होते म्हणून जेवणानंतर. मन खचलेलं असेल तर त्यालाही आधार मिळतो. यकृताचा आजार किंवा मूत्रपिंड फार कमजोर असेल तर टाळतात.

अमिट्रिप्टिलिन. जुनी, स्वस्त, १० मिलिग्रॅमपासून रात्री. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. प्रोस्टेट, काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. वयस्कर माणसाचा ईसीजी काढून मगच सुरू करणं बरं.

यातलं चांगलं कुठलं? ब्रिटनमध्ये १३० रुग्णांवर झालेल्या ऑप्शन-डीएम या चाचणीने, २०२२ मध्ये, याचं बऱ्यापैकी उत्तर दिलं. प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन या तिन्हींपैकी कशानेही सुरुवात केली तरी दुखणं साधारण सारखंच उतरलं, आणि एकाने भागलं नाही तेव्हा दुसरं जोडल्यावर आणखी थोडा आराम मिळाला. म्हणजे निवड तुमच्या बाकीच्या आजारांवरून, वजनावरून, झोपेवरून आणि खिशावरून करायची. शेजारच्या काकांना कुठली गोळी लागू पडली, यावरून नाही. तिन्ही औषधं जेनेरिकमध्ये मिळतात, डॉक्टरांना तसं विचारा.

अपेक्षा काय ठेवायची? आठवर असलेला आकडा चार-पाचवर आला आणि झोप लागायला लागली तर औषध चाललं. शून्य फार थोड्यांना मिळतो. योग्य डोसवर चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय "गुण नाही" म्हणू नका. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं बंद करू नका. ही औषधं उतरत्या डोसनेच थांबवायची असतात.

गोळ्या नको असतील किंवा चालत नसतील तर मिरचीतल्या तिखटापासून केलेलं कॅप्सायसिन मलम आहे. दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे. पहिले दिवस ते स्वतःच जळतं. हात साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लागला तर काय होईल ते सांगायला नको. भेगा किंवा जखम असेल तिथे लावायचं नाही. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉलसारखी औषधं सवय लावणारी आहेत, ती सुरुवातीची नव्हेत.

मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चाच एक प्रकार, याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्याकडे प्रेगाबालिनबरोबर ते एकाच कॅप्सूलमध्ये घालून सर्रास दिलं जातं. बी-१२ कमी असेल तर ते औषध आहे. पातळी भरपूर असेल तर त्याने आग कमी होते याला भक्कम आधार नाही. 'नसांची ताकद' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत बी-६ ठासून भरलेलं असतं, आणि बी-६ फार दिवस जास्त घेतलं तर त्यानेच न्यूरोपॅथी होते. घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता, एकाच घटकाच्या तीन गोळ्या निघाल्या तर नवल नाही.

काशाच्या वाटीचं काय? अखंड कातडीवर, हलक्या हाताने, बरं वाटत असेल तर खुशाल. तळव्याला येणारा काळा थर शरीरातली उष्णता नसते, धातू आणि तुपाचा तो परिणाम असतो. पण संवेदना गेलेल्या पायावर यंत्राची वाटी जोरात फिरवून घेऊ नका. साल निघाली तरी तुम्हाला कळणार नाही.

सातवी पायरी: रोज पाय बघणं

औषधाने आग शमली की माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि पाय विसरतो. तंतू आणखी मरत गेले तरी आग कमी होते, हे लक्षात ठेवा. म्हणून "आता दुखत नाही" याची खातरजमा दुसऱ्या पायरीतल्या चाचणीने करायची.

रोज संध्याकाळी चांगल्या उजेडात तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नजर कमजोर असेल तर दुसऱ्याला बघायला सांगा. पांढरे मोजे घातले तर रक्ताचा डाग लगेच दिसतो. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा, खडा, खिळा, काही असू शकतं.

भाजणं हा आपल्याकडचा मोठा शत्रू. गरम पाण्यात पाय बुडवून बसणं, गरम पाण्याची पिशवी, थंडीत शेकोटीजवळ पाय पसरणं, हे तीन प्रकार बंद. अंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, पायाने नाही. दुपारच्या उन्हात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली आणि घरी आल्यावर तळव्याला फोड दिसले, असं दर उन्हाळ्यात घडतं. जाड मोजे घालून जावं, किंवा सकाळी लवकर. आषाढी वारीत अनवाणी चालण्याचा नेम असेल तर बधिर पायांनी तो मोडावा. विठोबा रागावणार नाही.

पावसाळ्यात, विशेषतः भातलावणीच्या दिवसांत, चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या ठेवा. भेगांवर व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा, पण बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडने कापू नका, कुरुपाची औषधी पट्टी तर नकोच, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. बायकांनी जोडव्यांकडे लक्ष द्यावं: पायाला सूज आली की जोडवं रुततं, खाली जखम होते आणि बधिर बोटाला पत्ता नसतो. सैल करून घ्या किंवा काही दिवस काढून ठेवा. जमिनीवर झोपणाऱ्यांनी उंदरांचा बंदोबस्त करावा. बधिर पाय रात्री कुरतडले गेल्याच्या हकिगती डॉक्टरांना नव्या नाहीत.

पादत्राण मऊ तळाचं, मागे पट्टा असलेलं, बोटांना ऐसपैस हवं. एमसीआर या मऊ रबराच्या चपला मधुमेहासाठी म्हणून मागितल्या तर मिळतात. अंगठा अडकवायची कडक चप्पल, कोल्हापुरी असली तरी, घट्टे आणि फोड देते. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जखम नसेल तर चालायला हरकत नाही, उलट फायदाच आहे.

संवेदना शाबूत असेल तर वर्षातून एक तपासणी पुरते. ती गेली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, बोटं वाकडी झाली असतील किंवा नाडी कमजोर असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि आधी कधी जखम झाली असेल तर त्याहून लवकर.

थांबायचं नाही असे प्रसंग

पायाला जखम झाली, फोड फुटला, बोट काळंनिळं पडलं, पू किंवा वास आला, लाली वर चढायला लागली: त्याच दिवशी दाखवा, दुखत नसलं तरी. हळद भरून वाट बघायची ही वेळ नाही. ताप असेल तर थेट रुग्णालय. पायांची ताकद काही दिवसांत झपाट्याने गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर ते नेहमीच्या मधुमेही न्यूरोपॅथीचं लक्षण नाही, मणक्याची तातडीची तपासणी लागते.

आणि एक फसवा प्रसंग. बधिर पाय अचानक एकाच बाजूला सुजतो, लाल होतो, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम लागतो, जखम कुठेच नसते आणि दुखणं बेताचंच. मुरगळला असेल किंवा गाऊट (युरिक अ‍ॅसिडने सांधा सुजणं) असेल म्हणून माणूस चालत राहतो. हा शार्को पाय असू शकतो: आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात आणि प्रत्येक पावलागणिक पावलाची कमान खचते. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. त्या पायावर भार देणं तिथल्या तिथे थांबवा, आधार घेऊन किंवा गाडीने दवाखान्यात जा, आणि "मला मधुमेह आहे, हा पाय बधिर आहे, शार्को तर नाही ना?" असं तोंडाने विचारा. गरज पडली तर एमआरआय करतात आणि गुडघ्याखाली प्लास्टर घालून कित्येक महिने पाय टेकू देत नाहीत.